कोरडे डोळे, वाढलेलं प्रेशर आणि न दाबता येणारी बाटली : नऊ महिन्यांचा अनुभव

मला बारा वर्षांपासून संधिवात आहे, त्यातला रुमॅटॉइड. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन रोज, आणि दुखणं उसळलं की प्रेडनिसोलोन. सकाळी तासभर मूठ वळत नाही. शाळेतून निवृत्त झाले, राहते जळगावात. हे सगळं आधीच सांगते, कारण खाली ज्या थेंबांविषयी लिहिलंय ते धडधाकट बोटांच्या माणसाने वापरले तर त्याचं मत वेगळं पडेल.

सुरुवात झाली डोळ्यांतल्या कचकचीने. पापणीखाली वाळूचा कण अडकलाय आणि निघतच नाही, असं. संध्याकाळपर्यंत डोळे लाल. गंमत म्हणजे पाणीही वाहायचं, त्यामुळे डोळे कोरडे पडलेत हे डोक्यातच आलं नाही. (डोळा टोचला की नुसतं पाणी सुटतं, पण ते डोळ्यावर टिकत नाही. हे नंतर कळलं.) कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने एक बाटली दिली. "बाई, दोन दिवसांत लाली जाईल." खरंच गेली. थेंब बंद केले की परत यायची, म्हणून मी टाकत राहिले. दहा आठवडे.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेणाऱ्यांना पडद्याची तपासणी करावी लागते. त्यासाठी नेत्रतज्ज्ञांकडे गेले आणि तिथे प्रेशर मोजलं : उजव्या डोळ्यात 28, डावीकडे 26. साधारण 10 ते 21 मध्ये असावं लागतं. "डोळ्यांत काही टाकता का?" म्हणून विचारलं. पर्समधून बाटली काढून दिली. डॉक्टरांनी चष्मा वर करून बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाले, "ताई, हे डेक्सामेथासोन आहे. स्टेरॉइड."

लाली स्टेरॉइडने दबते. पण काही माणसांत त्याच औषधाने डोळ्यातलं पाणी बाहेर जायची चाळणी तुंबते आणि प्रेशर चढत जातं. दुखत नाही, समोरचं अंधुक होत नाही. प्रेडनिसोलोनच्या गोळ्याही स्टेरॉइडच, त्यांनीही हे होऊ शकतं, पण थेट डोळ्यात टाकलेल्या थेंबांनी जास्त. माझं दोन्ही चालू होतं. गोळ्या मात्र मनाने बंद करायच्या नाहीत, हे त्यांनी दोनदा बजावलं. संभाजीनगरच्या संधिवाताच्या डॉक्टरांनी त्या हळूहळू उतरवल्या. थेंब त्याच दिवशी बंद.

मग तपासण्यांची रांग लागली. कोरडेपणा मोजायला खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवतात आणि पाच मिनिटं बसवतात. अगदी आपला जुना टीपकागद! शाईचा डाग टिपायला वापरायचो तोच. पाच मिनिटांत पाच मिलिमीटरसुद्धा भिजला नाही तर डोळा चांगलाच कोरडा समजतात. माझा डावीकडे तीन भिजला, उजवीकडे चार. तोंडही कोरडं पडतं का, असं विचारलं. पडतं हो. कोरडी भाकरी घशाखाली उतरत नाही, चतकोराला दोन वाट्या आमटी लागते. ते मी वयावर ढकललं होतं. रक्त तपासल्यावर शोग्रेन निघाला. शरीराचीच फौज अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर चालून जाते, आणि संधिवाताबरोबर तो बऱ्याचदा येतो. 1933 मध्ये स्वीडनच्या एका नेत्रतज्ज्ञाने त्यावर प्रबंध लिहिला, त्याच्याच नावाने हा आजार ओळखतात.

बुबुळाची जाडी 505 मायक्रॉन भरली. सर्वसाधारण 540 च्या आसपास असते. बुबुळ पातळ असलं की यंत्र प्रेशर कमी दाखवतं, म्हणजे माझे 28 खरे आणखी वरचे असणार. ओसीटीत (डोळ्याच्या आतल्या थरांचं स्कॅन) उजव्या डोळ्याच्या नसेचा थर एका बाजूला किंचित विरळ दिसला. काचबिंदूची सुरुवात म्हणा किंवा उंबरठा म्हणा. गेलेली नस परत येत नाही, आहे ती सांभाळायची.

आता थेंबांविषयी.

पहिलं लॅटानोप्रॉस्ट, प्रेशर उतरवायला. रात्री एक थेंब. सहा आठवड्यांत प्रेशर 18 आणि 17. या बाबतीत तक्रारीला जागाच नाही. पण कचकच पूर्वीपेक्षा वाढली, सकाळी पापण्या चिकटायला लागल्या. डॉक्टरांनी पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात पाहिलं तर बुबुळावर ठिपकेच ठिपके. बाटली खराब होऊ नये म्हणून त्यात बेंझाल्कोनियम क्लोराइड असतं, आणि कोरड्या डोळ्याचा नाजूक वरचा थर ते खरवडतं. ज्याच्या डोळ्यात पाणी आहे त्याला ते पचून जातं, माझ्यासारखीला नाही. एका डोळ्याचे दोन रोग आणि एकाचं औषध दुसऱ्याच्या मुळावर. शेवटी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं लॅटानोप्रॉस्ट सुरू केलं. महाग पडतं, आमच्याकडे सहज मिळतही नाही, आधी सांगून मागवावं लागतं. पण महिन्याभरात ठिपके निम्म्यावर आले आणि प्रेशर जागचं हललं नाही. जोडीला पापण्यांचे केस लांब आणि काळे झाले. शेजारच्या वहिनी विचारत होत्या, कोणती पेन्सिल वापरता?

दुसरं कृत्रिम अश्रू, दिवसातून सहा वेळा. इतक्या वेळा टाकायचं तर तेही प्रिझर्व्हेटिव्हविना हवं. आणि खरी लढाई इथेच झाली.

या बाटल्यांमध्ये जंतू आत जाऊ नयेत म्हणून झडप असते, त्यामुळे त्या दाबायला कडक. अंगठा आणि दोन बोटं यांच्यात धरून दाबायची, असं खोक्यावरचं चित्र सांगतं. माझा अंगठा तिथपर्यंत वळतच नाही. पहिल्या आठवड्यात मी पलंगावर आडवी, बाटली दोन्ही मुठींत, दात आवळलेले. एकदम तीन थेंब सुटले ते गालावर, कानात आणि उशीवर. डोळा कोरडाच. मग छोट्या प्लॅस्टिकच्या कुप्या आणल्या, एका वेळेला एक. प्लॅस्टिक मऊ, दाबायला हलक्या, पण टोक पिळून तोडावं लागतं आणि सकाळी सहाला ते माझ्याच्याने होत नाही. आता रात्री झोपताना हे पकडीने सहा कुप्यांची टोकं किंचित सैल करून ठेवतात, पूर्ण तोडत नाहीत. एकदा उघडलेली कुपी टाकून द्यायची, उरलेलं उद्यासाठी ठेवायचं नाही. माझ्या काटकसरी जिवाला ते अजून बोचतं.

कडक बाटलीसाठी पुढे एक साधन मिळालं. बाटली त्यात बसवायची, वरची कड डोळ्याभोवतीच्या हाडावर टेकवायची आणि अडकित्त्यासारखे दोन दांडे दोन्ही तळव्यांनी दाबायचे. बोटांचं कामच नाही. नऊ महिन्यांत सगळ्यात कामाची वस्तू कोणती विचाराल तर औषधाच्याही आधी मी हिचं नाव घेईन. तपासायला गेल्यावर कुठल्याच डॉक्टरांनी मला विचारलं नाही की बाई, तुम्हाला बाटली दाबता येते का.

तिसरं सायक्लोस्पोरिन, ग्रंथींवर चालून जाणारी फौज आवरायला, दिवसातून दोनदा. सुरुवातीला मिरचीचा हात डोळ्याला लागावा तशी आग. पंधरा दिवसांत सोडणार होते. त्याचा गुण यायला महिने लागतात हे आधी सांगितलं होतं म्हणून टिकले. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी लक्षात आलं की मालिका संपली आणि मी एकदाही डोळे चोळले नाहीत.

दोन थेंबांत निदान पाच मिनिटं अंतर ठेवायचं, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन नेतो. थेंब टाकला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबायचा, म्हणजे औषध नाकावाटे घशात उतरत नाही. एका वेळी एकच थेंब, दोन टाकले तरी डोळ्यात मावत नाहीत. गरम रुमालाचा शेक पापण्यांना दहा मिनिटं, त्याने तेलग्रंथी मोकळ्या होतात. गुलाबपाणी बंद. शीर्षासनही बंद, त्यात डोळ्याचं प्रेशर जवळपास दुप्पट होतं म्हणतात. माझ्या मानेला ते तसंही झेपलं नसतं. तोंड कोरडं म्हणून मी तांब्याभर पाणी एका दमात प्यायचे, तेही आता घोट घोट, कारण एकदम लिटरभर प्यायल्यानेही प्रेशर चढतं. सर्दीची गोळी विचारल्याशिवाय नाही, डोळे आणखी वाळतात.

फिल्ड टेस्टबद्दल, म्हणजे आजूबाजूचं किती दिसतं त्या तपासणीबद्दल, एक सांगायचं राहिलं. भांड्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं, बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं. पहिल्या वेळी डोळे झोंबत होते, मी सारखी मिचकावत होते, अंगठाही सुजलेला. अहवाल आला : भरवशाचा नाही. दुसऱ्यांदा आधी अश्रूंचा थेंब टाकला आणि बटण मांडीवर ठेवून तळहाताने दाबलं. चाचणी नीट झाली. नाकाकडच्या बाजूला थोडा डाग आहे, सहा महिन्यांत वाढलेला नाही.

गेल्या तपासणीत प्रेशर 16 आणि 15. पट्टी डावीकडे तीनवरून पाचवर. मेमध्ये इथे पारा चव्वेचाळीसच्या वर जातो, कूलरचा झोत थेट तोंडावर घेतला की तासाभरात वाळू परत येते. कूलर आता पायांकडे वळवलाय.

डॉक्टरांनी घरात कुणाला काचबिंदू होता का विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं होतं. घरी येताना रिक्षात आठवलं. अण्णा शेवटच्या वर्षांत दाराच्या चौकटीला धडकायचे, बाजूला ठेवलेला तांब्या लाथाडायचे. मोतीबिंदू म्हणून ऑपरेशन केलं, समोरचं स्वच्छ दिसायला लागलं, धडकणं तसंच राहिलं. आम्ही म्हणायचो, अण्णा वेंधळे झाले. भुसावळच्या धाकट्या भावाला फोन केला. "मला तर सगळं नीट दिसतं, आक्का." मलाही नीटच दिसत होतं, म्हटलं. मंगळवारी त्याची वेळ घेतलीय. बाहुली मोठी करतात, येताना मोटरसायकल चालवता येणार नाही, म्हणून भाचा सोबत जाणार आहे.