स्कूटर गेली, नाव राहिले

शेवटची चवथ जुन्याच घरात करायची आणि मग मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला जायचे, असे आम्ही दोघांनी ठरवले होते. फोंड्याचे ते घर भाड्याचेच, पण अठ्ठावीस वर्षे काढलेली. गणपती पोचवले आणि दुसऱ्याच दिवशी आवराआवर सुरू केली. लाकडी कपाट, शिलाई मशीन, फ्रीज, दोन खाटा आणि अंगणातली माझी स्कूटर. मुलाने सगळ्याचे फोटो काढून मोबाइलवर टाकले.

तिसऱ्या दिवशी एकजण टेंपो घेऊनच आला. पस्तिशीचा, नीटनेटका, बोलणे आपल्या कोंकणीत. मी शाळेत शिकवायचो हे कळल्यावर लगेच ‘सर’ म्हणू लागला, हिला ‘ताई’. कपाटाचे सहा हजार सांगितले, त्याने सहा हजार मोजले. फ्रीजचे चार सांगितले, चार दिले. घासाघीस नाही, कुरकुर नाही. बायको बांगड्याच्या वाट्यासाठी मासळीबाजारात दहा मिनिटे हुज्जत घालते. तिला हे खटकले. मला मात्र वाटले, माणूस सरळ आहे. आता कळते की त्या दहा हजारांत त्याने माझा विश्वास विकत घेतला, तोही स्वस्तात. कपाट आणि फ्रीज त्याने पुढे चढ्या भावाने विकलेच असणार.

जाता जाता त्याने गॅसचा सिलिंडरही मागितला. ही लगेच म्हणाली, “तो आमचा नव्हे. आम्ही नुसती अनामत भरलेली. तो एजन्सीत परत करून पावती घ्यायची.” तो हसून गप्प राहिला. त्याच अंगणात, पाचच मिनिटांनी, मी त्याला स्कूटर दिली.

भाव ठरला अठ्ठावीस हजार. अठरा रोख, उरलेले दहा आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, त्याच्या नावावर झाली की. मला ते माझ्याच सोयीचे वाटले: पैसे अडकलेत म्हणजे काम करून घेईलच. हिशेब नेमका उलटा होता. नाव बदलले की त्याच्या खिशातून दहा हजार जाणार, न बदलले तर वाचणार. नाव न बदलण्याचे बक्षीस मीच जाहीर केले होते.

गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे फॉर्म २९ आणि ३० त्याने बरोबरच आणले होते. मी सह्या केल्या. घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी, तारीख कोरी. “एजंट भरतलो, सर.” आरसी, इन्शुरन्सचा कागद, दोन्ही चाव्या दिल्या. आधारची प्रत मागायला मला संकोच वाटला. चाळीस वर्षे मुलांच्या वह्यांत कोरी पाने राहिली की लाल शेरा मारणारा मी!

अशा कोऱ्या सह्यांच्या कागदांना या धंद्यात ‘ओपन पेपर’ म्हणतात. गाडी तीन-चार हातांतून फिरते, सरकारदरबारी मात्र ती पहिल्याचीच. मधले कोणी कर, फी, नाव काही भरत नाही. आणि गोव्यात अशा गाडीला एक खास गिऱ्हाईक आहे. पर्यटकांना भाड्याने द्यायच्या दुचाकीला परवाना लागतो आणि तिची नंबरप्लेट काळी, त्यावर पिवळी अक्षरे. पण किनाऱ्याकडे पांढऱ्या प्लेटच्या खाजगी गाड्याही गुपचूप भाड्याने फिरतात. स्वतःच्या नावावरची गाडी कोण अशी फिरवील? त्यासाठी माझ्यासारख्याचे नाव बरे पडते.

नोव्हेंबरात मोबाइलवर पहिले चलन आले. हेल्मेट नाही, एक हजार रुपये. फोटो उघडला तर बागा रस्त्यावर माझी स्कूटर, वर फुलाफुलांच्या शर्टातला तरुण, मागे टोपीवाली मुलगी, आणि पुढे हिने लावलेला म्हाळसेचा स्टिकर. आम्ही आधी हसलो, खरेच. मी त्याला फोन केला. “या आठवड्यात करतां, सर.” दुसरे चलन आले तेव्हा फोन वाजत राहिला. तिसरे आले तेव्हा बंद.

तरीही मी आरटीओत गेलो नाही. दिवाळी, नवे घर, गुडघ्याचे दुखणे. खरे कारण म्हणजे लाज.

जानेवारीत किनाऱ्याकडच्या एका पोलीस ठाण्यातून फोन आला. माझ्या स्कूटरने रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला धडक दिली होती, त्याचा पाय मोडला होता. चालवणाऱ्या पर्यटकाकडे लायसन्स नव्हते. इन्शुरन्स आठवड्यापूर्वीच संपला होता. गाडी विकली म्हणून मी तो भरला नव्हता आणि ज्याने घेतली त्याने तर भरायचा प्रश्नच नव्हता. “गाडी मी सप्टेंबरातच विकली,” मी म्हटले. हवालदार शांतपणे म्हणाला, “सर, कागद दाखवा.” दाखवायला माझ्याकडे साधी चिठ्ठीही नव्हती.

वकिलाने सांगितले ते मी तेव्हा ऐकले, तुम्ही आता ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली की विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते. घेणारा काय करील ते त्याचे तो बघेल, आपले कळवणे वेगळे. फॉर्म २९ त्यासाठीच असतो आणि त्याची पोच आपल्याजवळ राहायला हवी. मी तो कळवण्याचा कागदच ज्याच्याबद्दल कळवायचे त्याच्या हातात देऊन मोकळा झालो होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, गाडी प्रत्यक्षात विकलेली असली तरी.

म्हणून घेणाऱ्याला सांगा, चल आरटीओत, दोघे मिळूनच जाऊ. जो खरा आहे तो येतो. फॉर्ममध्ये त्याचे नाव, पत्ता, तारीख आपल्या डोळ्यांदेखत भरून मगच सही करा. त्याच्या आधारची प्रत घ्या आणि गाडी ताब्यात दिल्याचा कागद करा, त्यावर तारखेबरोबर वेळही लिहा. त्याच संध्याकाळी अपघात झाला तर ती वेळच कामाला येईल. विमा कंपनीला कळवा. नाव बदलेपर्यंत पूर्ण पैसे मिळाले तरी चावी देऊ नका, मग अर्धे मिळाल्यावर देण्याची गोष्टच सोडा. आणि पहिले चलन आले की हसू नका, दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार घेऊन जा.

मी तक्रार दिली ती अपघातानंतर. त्याने सांगितलेले नाव खोटे निघाले, नंबर दुसऱ्याच कोणाचा तरी. चलनांचे तीन हजार मी भरले. जखमी माणसाचा भरपाईचा दावा आलाय, त्यात मालक म्हणून माझे नाव आहे.

ठाण्याच्या आवारात स्कूटर बघायला गेलो. आरसा तुटलेला, पुढचे चाक वाकडे. म्हाळसेच्या स्टिकरच्या बाजूला कोणीतरी रंगाने ‘१७’ लिहिले होते. म्हणजे निदान सतरा तरी असतील त्याच्याकडे. सोडवण्याच्या अर्जावर मालकाची सही मागितली, ती मी केली. या वेळी तारीख घालून.