26,499 रुपयांची खुर्ची, जी आलीच नाही

डॉक्टर म्हणाले, गोळ्या नंतर, आधी बसायची जागा बदला. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून पुण्याच्या ऑफिसचं काम करून करून मान आणि कंबर दोन्ही धरल्या होत्या. तेवढ्यात जाहिरात दिसली: गोव्यात वेर्ण्याला ऑफिस बंद होतंय, फर्निचर विकायचंय. जाळीच्या पाठीची, कमरेला आधार देणारी खुर्ची आणि बटणावर वरखाली होणारं टेबल, दोन्ही मिळून 21,500.

पुढचं तुम्हाला पाठ असेल. 2,000 बुकिंगचे. ‘दुसरं गिऱ्हाईक थांबलंय मॅडम’ म्हणून उरलेले 19,500. मग गेटपासचं ‘परत मिळणारं’ डिपॉझिट 4,999. विम्याचे 6,200 मागितले तेव्हा मी नाही म्हटलं, आणि विकणाऱ्याचा फोन कायमचा बंद.

जीव जळतो तो त्याने पाठवलेल्या बिलावरून. पत्ता वेर्णा औद्योगिक वसाहतीचा आणि जीएसटी नंबर 07 ने सुरू होणारा. गोव्याचा 30 ने सुरू होतो, 07 दिल्लीचा. मला हे माहीत नाही असं नाही, रोज बिलंच तपासते मी! नजर अडकली, विचारलंही. ‘हेड ऑफिस दिल्लीला ना,’ म्हणाला. हेड ऑफिस असेना का दिल्लीला, गोव्यातून माल विकायचा तर नोंदणी गोव्याची लागते. जीएसटी पोर्टलवर नंबर फुकट तपासता येतो, तेवढं तरी करा. पण फोटोतल्या खुर्चीच्या हातावर ऑफिसच्या मालमत्ता क्रमांकाचा पिवळा स्टिकर होता हो, एक कोपरा उचकटलेला. इतकं खरं दिसणारं कोण खोटं म्हणेल? आणि म्हापशाहून वेर्ण्याला जाऊन बघायला काय झालं होतं, असं विचारणाऱ्यांनी ही कंबर घेऊन भर पावसात स्कूटर चालवून दाखवावी.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. (पैसे गेल्या गेल्या करा, पुढच्या खात्यात सरकायच्या आत.) बँकेने एफआयआरची प्रत मागितली. पोलीस ठाण्यात म्हणाले, पैसे गेले ते खातं बाहेरच्या राज्यातलं, तिथे द्या तक्रार. मी म्हटलं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, नोंदवून घ्यावा लागतो. साहेबांनी चहा संपवला आणि ‘पळोवया’ (बघूया) म्हणाले. वर, ‘शिकलेली माणसं तुम्ही, कशी फसता?’ शिकलेल्यांची तक्रार घ्यायची नाही असा नियम आहे का? बँकेत परत गेले तर आधीचा माणूस रजेवर, नवीन माणसाने पुन्हा तोच अर्ज भरायला लावला.

परत मिळणारं डिपॉझिट म्हणजे न मिळणारं डिपॉझिट. वापरलेली खुर्ची बसून बघितल्याशिवाय एक पैसा देऊ नका: पाय जमिनीवर सपाट टेकायला हवेत, कोपर टेबलाच्या उंचीला यायला हवं, आणि खुर्चीची उंची धरणारी गॅस लिफ्ट गेलेली असेल तर बसल्यावर खुर्ची हळूहळू खाली जाते. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणायला चार जाड पुस्तकं आणि वेगळा कीबोर्ड पुरतो; हे मला आधी कुणी सांगितलं नाही.

फोन नंबर तो बदलेल, फोटो तोच फिरेल. काळी खुर्ची, डाव्या हातावर पिवळा स्टिकर. दिसली तर ‘मी आत्ता गेटवर येते’ एवढंच सांगा आणि काय उत्तर देतो ते ऐका.