बुधवारची गोळी: मेथोट्रेक्सेटचे नऊ महिने

सोरायसिस हा त्वचेचा आजार मला अकरा वर्षांपासून आहे. कोपरं, गुडघे, डोक्याची टाळू. नाशिकची थंडी पडली की पोटऱ्याही भरतात; सकाळी चादर झटकली की फरशीवर पांढऱ्या खपल्यांचा सडा. सिडकोतल्या आमच्या गल्लीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाणं मी सोडलं होतं. एकीने हळद लावताना बोटं आखडून घेतली होती. हा आजार लागट नाही, हे तिला तेव्हाच सांगायला हवं होतं.

स्टिरॉइडची मलमं खूप झाली. लावली की साफ, सोडली की दुपटीने परत. जूनमध्ये स्किनच्या डॉक्टरांनी रक्त, लिव्हर, किडनी आणि छातीचा एक्स-रे बघून मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती आवरणारं औषध दिलं. सुरुवातीला आठवड्याला ७.५ मिलिग्रॅम, म्हणजे २.५ च्या तीन गोळ्या. आता १५.

ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. दुसऱ्या महिन्यात मेडिकलवाल्याने पाकिटावर 'रोज एक' लिहून दिलं. चिठ्ठीत 'फक्त बुधवार' ठळक होतं म्हणून माझ्या लक्षात आलं. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. त्या दिवसापासून कॅलेंडरवर प्रत्येक बुधवारी लाल गोल आहे, आणि सासूबाई सकाळीच विचारतात, "आज बुधवार ना गं?" या गोळीचा त्रास कमी करणारं फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व शुक्रवारी.

गुरुवारी मळमळायचं. रात्री जेवून घ्यायला लागल्यापासून बरंच कमी आहे. खाज पाचव्या आठवड्यात थांबली, पण चट्टे पातळ व्हायला तीन महिने गेले. मध्येच सोडावंसं वाटलं होतं, डॉक्टर म्हणाले, "सोळा आठवडे तरी द्या." दिले, ते बरं झालं.

दारू घेत असाल किंवा मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा; गरोदरपणात ही गोळी अजिबात चालत नाही. लघवीच्या इन्फेक्शनसाठी मला सल्फाची गोळी लिहून दिली होती. मी मेथोट्रेक्सेटचं नाव काढलं तेव्हा ती बदलली. दोन्ही एकत्र घेतल्या तर रक्तपेशी घटण्याचा धोका वाढतो.

टाळू अजून पूर्ण साफ नाही. सांधे दुखू लागले किंवा लिव्हरचा रिपोर्ट बिघडला तर या गोळीऐवजी सोरायसिसवरचंच सेक्युकिनुमॅबचं इंजेक्शन, असं ठरलंय. त्याआधी टीबीची तपासणी लागते. सध्या रिपोर्ट चांगले आहेत. यंदा संक्रांतीला मी अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज घालून गेले, अकरा घरी.