घरी बांधलेली १२ फुटी मोटरबोट: काही महिन्यांच्या वापरानंतर कोणतं साहित्य टिकलं, कोणतं नाही

बोट स्टिच-अँड-ग्लू पद्धतीची, म्हणजे प्लायचे तुकडे तारेने शिवून इपॉक्सीने चिकटवलेली. बाजू ६ मिमी, तळ ९ मिमी, ट्रान्सम (बोटीची मागची सपाट फळी, जिच्यावर इंजिन बसतं) १८ मिमीचे दोन थर चिकटवून ३६ मिमी. बाहेरून चौरस मीटरला २०० ग्रॅमचं ग्लास क्लॉथ (काचेच्या धाग्यांचं कापड), सगळीकडे इपॉक्सी (हार्डनर मिसळून घट्ट होणारं रेझिन), मागे ८ एचपीचं आउटबोर्ड. पद्धतीची याहून जास्त ओळख करून देत नाही, बांधायचं मनात असलेल्यांना ती ठाऊक असणारच. हे लिहायला घेतलं ते ट्रान्सममुळे. इंजिनाच्या खालच्या बोल्टाखाली कोऱ्या चहासारखं तपकिरी पाणी ओघळू लागलं होतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेल्यावर बोल्टाच्या आजूबाजूला खणखणीत 'ठक' आवाज आला. वीतभर पलीकडे, जिथे एकही भोक नाही, तिथे मात्र 'भद'.

पाणी एकीकडे शिरलं आणि भलतीकडे जाऊन बसलं, याला कारण प्लायच्या पोटातली गॅप. मधले पापुद्रे अखंड नसतात, पट्ट्या शेजारी शेजारी मांडून बनवलेले असतात. दोन पट्ट्या नीट भिडल्या नाहीत की मध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट राहते, आणि ती शीटच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नळीसारखी जाते. वरचे पापुद्रे गुळगुळीत असल्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही. बोल्टाचं भोक ही नळी छेदून गेलं की आत आलेला प्रत्येक थेंब तिच्यातून पसरतो. बाहेर इपॉक्सी आणि काच असल्याने त्याला सुकायला वाट नाही. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला रान मोकळं मिळतं. पावसाचं गोडं पाणी यात समुद्राच्या पाण्यापेक्षा जास्त घातक ठरतं, म्हणून उघड्यावर ठेवलेली बोट नुसत्या पावसानेही कुजते.

शीटवर मरीनचा शिक्का होता. विक्रेत्याला कापलेल्या कडेतल्या फटी दाखवल्या तर त्याचं उत्तर, "वॉटरप्रूफ आहे, उकळलं तरी सुटणार नाही." गोंद खरोखरच सुटला नाही, कुजलेल्या तुकड्यातही थर एकमेकांना घट्ट धरून आहेत. पण बीडब्ल्यूपी (बॉइलिंग वॉटर प्रूफ) ही हमी गोंदाची असते. लाकूड कुजणार नाही आणि आत फट नसेल, हे त्यात येत नाही. बीएस १०८८ किंवा आयएस ७१० या मरीन प्लायच्या मानकांप्रमाणे खरोखर बनवलेल्या प्लायमध्ये लाकूड आणि पापुद्र्यांचा दर्जाही पाहिला जातो. नुसता शिक्का मारायला मात्र रबर आणि शाई पुरते. या एका गोष्टीने दिला तेवढा मनस्ताप बाकीच्या सगळ्या साहित्याने मिळूनही दिला नाही.

म्हणून शीट घेताना चारही कडा उजेडात बघा. काळे ठिपके आणि काळ्या रेघा म्हणजे फटी. एका कडेला फट असेल तर समोरच्या कडेला त्याच रेषेत बघा, तिथेही दिसली तर ती आरपार आहे. काही कडांना लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला असतो, तशी शीट सरळ नाकारा. नंतर शीट आडवी ठेवून नाण्याने दर चार बोटांवर ठोका आणि 'ठक'चा 'भद' कुठे होतो ते ऐका. शेवटी एक तुकडा उकळून बघा: १०० मिमी चौकोनी तुकडा तीन-चार तास उकळायचा, पूर्ण वाळवायचा, पुन्हा उकळायचा आणि कडेत छिन्नी घालून उचकटायचा. लाकूड फाटलं तर गोंद चांगला, थर स्वच्छ सुटले तर शीट परत. ६ मिमीत तीन थरांची घेऊ नका, पाच थरांची घ्या. तीन थरांत मधला जाडजूड आणि वरचे कागदासारखे असतात, मग शीट एका दिशेला ताठ आणि दुसऱ्या दिशेला लुळी पडते.

वजन हा वेगळा मुद्दा. ८ × ४ फुटांची ६ मिमीची ओकूमे (एक हलकं लाकूड) शीट आठ किलोच्या आसपास भरते, गर्जनसारख्या जड लाकडाची बारा-तेरा. पाच शीटला वीस-पंचवीस किलोंचा फरक पडतो. सुरुवातीला हलकी प्लाय म्हणजे चैन वाटत होती. आता मत वेगळं आहे. ८ एचपीच्या इंजिनाने दोन माणसांसह बोट पाण्यावर उचलून पळवायची असेल तर ही तफावत स्पष्ट जाणवते, आणि बोट रोज किनाऱ्यावर ओढायची असेल तर त्याहून जास्त. मात्र ओकूमे लवकर कुजते. तिच्या कडा आणि भोकं बंद करण्यात हयगय होणार असेल तर जड लाकूडच बरं.

ट्रान्सम नव्याने करताना १८ मिमीचे दोन थर नकोत, १२ मिमीचे तीन घ्या. जाडी तेवढीच राहते, पण फटी एकमेकांसमोर येण्याची शक्यता कमी होते आणि इपॉक्सीच्या दोन आडव्या भिंती तयार होतात. चिकटवताना आधी दोन्ही पृष्ठभागांना पातळ इपॉक्सी पाजा, त्यावर सिलिका घालून दाट केलेलं लावा. क्लॅम्प ताकद लावून आवळू नका, सगळा गोंद बाहेर निघून सांधा कोरडा राहतो. कडेने बारीक मणी फुटेल इतकंच आवळा. इंजिनाचे क्लॅम्प टेकतात तिथे बाहेरून आणि आतून ४-५ मिमी ॲल्युमिनियमची पट्टी हवी, नाहीतर स्क्रूच्या चकत्या रुतून काच फोडतात. ट्रान्समची उंची शॉर्ट शाफ्टच्या (आखूड दांड्याच्या) इंजिनाला १५ इंच, लाँग शाफ्टला २० इंच. हे इंजिन ठरल्यावरच कापा.

आता भोकं. ८ मिमीचा बोल्ट असेल तर आधी १४ मिमीचं भोक पाडा. मागच्या बाजूला चिकटपट्टी लावा, पातळ इपॉक्सी ब्रशने आत फिरवा आणि पाच मिनिटं थांबा. लाकूड ते पिऊन टाकतं, पुन्हा फिरवा. मग सिलिका आणि कापसाचे तंतू मिसळलेलं दाट इपॉक्सी सिरिंजने तळापासून भरत या, वरून ओतलं तर हवा अडकते. भरताना माल कमी होत राहिला, दुप्पट लागला, तर समजा आत गॅप सापडली. ती भरेपर्यंत थांबू नका. दुसऱ्या दिवशी मधोमध ८ मिमीचं भोक पाडा. आता बोल्टाभोवती सगळीकडून ३ मिमीचं कडं आहे आणि पाण्याला लाकूड दिसतच नाही. बिल्जच्या (बोटीच्या तळाशी पाणी साचतं त्या भागाच्या) बुचाचं भोकही असंच, त्याचं कडं आणखी जाड ठेवा. ते सदा पाण्यात असतं आणि सगळ्यात आधी कुजतं ते तिथलंच लाकूड.

आधीच ओल शिरली असेल तर भोकं पाडून पातळ इपॉक्सी ओतण्याचा उपाय सुचवला जातो. त्यावर पैसा घालू नका. ओल्या लाकडात ते मुरत नाही, आणि कुजलेलं लाकूड कडक झालं तरी त्याची ताकद परत येत नाही. आतल्या बाजूची काच सर्क्युलर सॉची खोली बेतून कापायची, छिन्नीला चांगलं लाकूड लागेपर्यंत खरवडायचं, पूर्ण वाळू द्यायचं. मग कडांना जाडीच्या आठपट उतार देऊन नवा तुकडा दाट इपॉक्सीत बसवायचा आणि वरून बायॲक्सियल (दोन दिशांना धागे असलेल्या) काचेच्या कापडाचे दोन थर चढवायचे.

रेझिनमध्ये काटकसर करायचा मोह सगळ्यांनाच होतो. पॉलिएस्टर स्वस्त आहे, फायबरच्या साच्यातल्या बोटींना चालतंही. पण ते घट्ट होताना आकसतं आणि लाकडाला नीट धरत नाही, काच पुढेमागे पापुद्र्यासारखी निघते. प्लायवर इपॉक्सीच. १२ फुटी बोटीला सांधे, फिलेट (आतल्या कोपऱ्यांत भरलेली दाट इपॉक्सीची गोलाई), क्लॉथ आणि आतले तीन हात मिळून १२ ते १४ किलो लागतं. हार्डनरचं प्रमाण डब्यावर वजनाचं दिलंय की मापाचं हे बघून वजनकाट्यावरच मोजा. पॉलिएस्टरला हार्डनर थोडा कमी-जास्त चालतो, इपॉक्सीला अजिबात नाही. जास्त घातलं तर लवकर नाही सुकत, कायमचं चिकट राहतं. खोल मगात कालवलेलं इपॉक्सी स्वतःच्या उष्णतेने धुरकटून फुकट जातं, म्हणून पसरट ट्रेमध्ये ओता. नायट्राइलचे हातमोजे नेहमी घाला, त्वचेला एकदा ॲलर्जी जडली की जन्मभर राहते. इपॉक्सीसोबत चॉप्ड स्ट्रँड मॅट (काचेच्या तुकडे केलेल्या धाग्यांची चटई) वापरू नका, तिच्यातले धागे धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. सुकलेल्या थरावर मेणचट ओशटपणा आला तर तो आधी साध्या पाण्याने घासून धुवा, मगच पॉलिश पेपर. नाहीतर तो थरात घासला जातो आणि वरचा रंग सोलून निघतो.

आतून फक्त इपॉक्सीचे हात पुरतात, हे सुरुवातीचं मत. आता आतल्या तळालाही क्लॉथ घालाच असं म्हणेन. पायाबरोबर येणारी वाळू रोज त्याच जागी घासते, इपॉक्सी झिजून प्लाय उघडी पडते, आणि बिल्जमधलं पाणी तिथेच उभं असतं. त्यासाठी तीनेक चौरस मीटर कापड आणि जवळपास तितक्याच वजनाचं रेझिन पुरतं.

बोल्ट ३१६ स्टेनलेस स्टीलचे घ्या. ३०४ स्टील खाऱ्या पाण्यात डागाळतं, आणि वॉशरखाली हवा न मिळालेल्या जागी खड्डे पडून बोल्ट बारीक होतो. पितळेचे स्क्रू पाण्याखाली नकोत, त्यातलं जस्त निघून जातं आणि स्क्रू हाताने मोडतो. बोल्टाखाली पाणी अडवायला पॉलिसल्फाइड किंवा मरीन पॉलियुरेथेन सीलंट लावा. सिलिकॉन अजिबात नको, ते सुटतं आणि मागे राहिलेल्या थरावर पुढे काहीच धरत नाही.

बैठकीखाली तरंगण्यासाठी थर्माकोल भरू नका, पेट्रोलचा ओघळ लागला की ते विरघळतं. बंद पेशींचा फोम वापरा, पण खाली पाणी निथळायला जागा सोडा. रंग द्यावाच लागतो, ऊन इपॉक्सीला खडूसारखं करतं. दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग टिकला आहे. रंग फिकटच निवडा. गडद पृष्ठभाग कडक उन्हात इतका तापतो की घरगुती तापमानाला सुकलेलं इपॉक्सी मऊ पडू लागतं आणि क्लॉथची वीण वर उमटते.