आयसोमेट्रिक ठिपक्यांची वही: काल्पनिक घरं काढून काढून आलेलं मत

नसलेली घरं कागदावर बांधायचा छंद मला जुना. आर्किटेक्चरचं शिक्षण नाही, नकाशा कुणाकडून मंजूर करून घ्यायचा नाही, त्यामुळे मजाच मजा. गेले काही महिने त्यासाठी ए४ आकाराची आयसोमेट्रिक (लांबी, रुंदी, उंची एकाच मापाने दाखवणाऱ्या चित्रांसाठीची) ठिपक्यांची वही वापरतेय. ठिपके फिकट करडे, शेजारच्या दोन ठिपक्यांत ५ मिमी अंतर. ओळी तीन दिशांना जातात: एक उभी, आणि दोन आडव्या रेषेशी ३०° चा कोन करून डावी-उजवीकडे.

वहीचा खरा फायदा मापाचा. पर्स्पेक्टिव्हमध्ये, म्हणजे डोळ्याला दिसतं तसं काढलेल्या चित्रात, लांबची भिंत लहान होत जाते, त्यामुळे खोली मोठी वाटते की खरंच मोठी आहे, ते पट्टी लावून कळत नाही. इथे समांतर रेषा समांतरच राहतात आणि तिन्ही दिशांना एकच माप चालतं. केंब्रिजचे प्राध्यापक विल्यम फॅरिश यांनी १८२२ मध्ये ही पद्धत मांडली, तीही यंत्रांच्या मॉडेलसाठी: मदतनिसाला चित्र पाहून ती जोडता यावीत म्हणून. मी १:५० प्रमाण धरते, म्हणजे ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत २५ सेंमी. तीन मीटर उंचीचा मजला म्हणजे बारा ठिपके वर. मोजायला पट्टीसुद्धा लागत नाही.

या सोयीतच एक सापळा आहे, तो जिन्यात. एक ठिपका वर, एक ठिपका पुढे, अशी पायरी हात आपोआप काढतो. दिसते छान, पण २५ सेंमी उंचीची पायरी आणि ४५° चा चढ म्हणजे जवळजवळ शिडीच. चढायला बरी पायरी साधारण १५ ते १८ सेंमी उंच असते. त्यावर उपाय असा, की उभे दोन ठिपके तीन पायऱ्यांत वाटायचे. पायरी १६.७ सेंमीची होते, मजल्याला अशा अठरा उंच्या लागतात, शेवटची थेट वरच्या मजल्यावर नेते, म्हणून सरळ जिना २५ सेंमीच्या सतरा पायऱ्यांची, म्हणजे सव्वाचार मीटर जागा खातो. मग तो मध्ये सपाट टप्पा (लँडिंग) देऊन वळवावा लागतो, वळणाखाली कोनाडा तयार होतो, वर खिडकीला जागा सापडते. माझ्या निम्म्या घरांचा आराखडा जिन्यानेच ठरवला आहे.

अंतर्भागासाठी मात्र वही अर्धीच कामाची. समोरच्या दोन भिंती आणि छप्पर काढून टाकलं की पलंग, कपाटं, ओटा सगळं नीट मांडता येतं. पण बघणारा कायम वरच. त्या खोलीत उभं राहिल्यासारखं कधीच वाटत नाही, आणि छत तर दिसतच नाही. फ्रेंच वास्तुइतिहासकार ऑग्युस्त श्वाझी यांनी १८९९ मध्ये इमारती थेट खालून बघितल्यासारख्या काढल्या होत्या. ठिपक्यांवर तसं जमतं, घुमट आणि तुळयांसाठी मी ते करतेही, पण वाचायला डोकं खाजवावं लागतं. खोलीचा उजेड, दारातून आत येताना काय दिसेल, हे काढायचं तर कोरा कागद आणि पर्स्पेक्टिव्हच.

आणखी एक त्रास म्हणजे नुसत्या रेघांत आतला कोपरा बाहेरचा वाटायला लागतो. बाहेरची कड ०.५ मिमीच्या पेनने, आतल्या रेघा ०.१ मिमीच्या पेनने आणि एका बाजूच्या सगळ्या भिंतींना हलकी छटा, एवढ्याने तो जातो. कमानी आणि गोल टेबलं इथे लंबवर्तुळाकार दिसतात, ती हाताने धड येत नाहीत. ३५° च्या लंबवर्तुळांची प्लास्टिकची टेम्प्लेट घ्याच.

कागद ठीकठाक. फाइनलायनर (बारीक टोकाचं पेन) चालतो, ब्रश पेन मागे उमटतो, जलरंगाचा हात फिरवला की पान आक्रसतं. छापलेले ठिपके खोडता येत नाहीत आणि स्कॅनमध्ये चित्रावर पुरळ आल्यासारखे दिसतात. म्हणून आता वहीतलं एक पान फाडून ट्रेसिंग पेपरखाली ठेवते. चित्र स्वच्छ येतं, आणि वही संपतच नाही. फक्त ट्रेसिंग पेपरवर शाई वाळायला वेळ लागतो, तेव्हा डावखुऱ्यांनी जरा जपून.