झाडावर चढण्याचे काटे: उन्हाळा आणि पावसाळ्यातील वापरानंतरचा अनुभव

नागपुरात मोठी वाळलेली झाडे तुकड्या-तुकड्यांनी उतरवण्याचे काम मी करतो. त्यासाठी पायाला बांधायच्या काट्यांची जोडी मी उन्हाळ्याच्या तोंडावर घेतली आणि पावसाळा संपेपर्यंत ती नियमित वापरली.

खरेदी करताना बहुतेक जण आधी वजन पाहतात. माझ्या मते आधी झाडाची साल पाहावी. आखूड काटा साधारण दीड इंचाचा असतो आणि तो मुळात विजेच्या लाकडी खांबांसाठी आहे. झाडांसाठीचा लांब काटा सुमारे पावणेतीन इंचांचा असतो. जुन्या कडुनिंबाची किंवा बाभळीची साल जाड आणि भेगाळलेली असते, त्यामुळे आखूड काटा सालीतच अडकतो, आतल्या लाकडाला पोहोचत नाही आणि भार पडताच साल सुटून पाय घसरतो. याउलट नीलगिरीच्या पातळ सालीवर लांब काटा पाऊल खोडापासून दूर ठेवतो, त्यामुळे घोटा सतत डुगडुगतो. माझे बरेचसे काम कडुनिंबावर असल्याने मी लांब काटा घेतला आणि तो निर्णय योग्य ठरला.

काटा ज्या दांडीला बसवलेला असतो, ती पायाच्या आतल्या बाजूने गुडघ्याखालपर्यंत जाते. ही दांडी ॲल्युमिनियमची असली तरी काटा पोलादाचाच असतो. हलकेपणाचा फायदा दुपारनंतर, पाय जड होऊ लागल्यावर कळतो. मात्र त्याहून मोठा फरक गुडघ्याखालच्या पॅडने पडतो. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात फोमचे पॅड घामाने भिजते आणि पोटरीवर सरकते. रुंद, घट्ट बसणारे पॅड असेल तर भार नडगीवर नीट विभागला जातो. दांडीची उंची अशी लावावी की पॅड गुडघ्याच्या किंचित खाली राहील, नाहीतर पाय वाकवताना ते टोचते. पॅड बांधायच्या चिकटपट्टीत (वेल्क्रोत) लाकडाचा भुसा भरतो, म्हणून ती रोज ब्रशने साफ करावी लागते. बूट टणक तळव्याचे आणि स्पष्ट टाचेचेच हवेत.

धार लावताना ग्राइंडर वापरू नये; तापल्याने पोलादाचे पाणी उतरते, म्हणजे ते मऊ पडते. कानशीने हलक्या हाताने, काट्याचा मूळ आकार राखत घासावे. सुईसारखे टोक केले तर ते लाकडात खोल रुतते आणि काढताना त्रास होतो.

हे काटे उतरवायच्या झाडासाठीच आहेत, हे मी ग्राहकांना आधीच सांगतो. जिवंत झाडाची छाटणी करताना प्रत्येक पावलागणिक सालीखालच्या वाढीच्या थराला जखम होते आणि तिथून बुरशी व कीड शिरते, म्हणून अशा झाडावर मी दोराने चढतो. शिवाय नागपूरसारख्या शहरात झाड तोडण्यासाठी 1975 च्या राज्य कायद्यानुसार परवानगी लागते. ती हाती येईपर्यंत मी काटे पिशवीतून काढत नाही.

घेण्यापूर्वी विक्रेत्याला सुटे काटे आणि त्यांचे स्क्रू मिळतात का, हे अवश्य विचारावे. काटा झिजला की फक्त तोच बदलता येतो आणि दांडी पुढे अनेक वर्षे चालते.