मजुरी ठेका की साहित्यासह ठेका? वाया जाणाऱ्या मालाच्या बाजूने पाहताना

स्वतःच्या प्लॉटवर घर बांधणाऱ्याला सुरुवातीलाच ठरवावे लागते, की सिमेंट, सळई, वाळू आपण आणून द्यायची आणि ठेकेदाराला चौरस फुटावर फक्त मजुरी द्यायची, की साहित्यासह सगळे काम एका दराने सोपवायचे. घासाघीस बहुतेक दरावरच होते. पण किती माल वाया जाईल आणि तो कोणाच्या खिशातून जाईल, हेही त्याच बैठकीत ठरून जाते.

मजुरी ठेक्यात ठेकेदाराची कमाई काम लवकर उरकण्यात असते. तो मुद्दाम उधळपट्टी करतो असे नाही, पण माल जपण्याचे त्याला कारणही नसते. सळईचेच पाहा. ती साधारण 12 मीटर लांबीची येते. बीमसाठी 4.2 मीटरचे तुकडे हवे असतील, तर एका सळईतून दोनच निघतात आणि 3.6 मीटर उरते; 12 मिमी सळईत हे सुमारे 3.2 किलो लोखंड झाले. उरलेला तुकडा छोट्या बीमला किंवा लिंटेलला (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईला) लावायचा, हे कापण्याआधी कागदावर ठरलेले असेल तरच तो कामी येतो. नाहीतर तो भंगारात जातो. म्हणून या ठेक्यात इंजिनिअरकडून बार बेंडिंग शेड्यूल (कोणती सळई किती लांब कापायची आणि कशी वाकवायची याचा तक्ता) आधी करून घेणे आणि फिटरने त्यानुसारच सळई कापणे, ही अट महत्त्वाची. वाळू थेट मातीवर ओतली, तर तळाचा थर मातीत जातो आणि पावसात ढीग वाहतो. सिमेंट स्वस्त मिळते म्हणून एकदम भरून ठेवले आणि ते ओल लागून घट्ट झाले, तर तो तोटा मात्र पूर्णपणे मालकाच्याच घाईचा.

साहित्यासह ठेक्यात हे चित्र उलटते. वाचलेला माल ठेकेदाराचाच असल्याने तुकडे जुळवून कापले जातात, अर्ध्या विटाही खपतात आणि कालवलेला माल संध्याकाळी घमेल्यात उरत नाही. नासाडीची टक्केवारी त्याने दरात आधीच धरलेली असते आणि ती टळली तरी मालकाला काही परत मिळत नाही. अधिक काळजी वेगळ्याच गोष्टीची करावी: काटकसर आणि काटछाट एकाच खिशातून होतात. सिमेंट-वाळूचे 1:4 ठरलेले प्रमाण 1:6 झाले, म्हणजे सिमेंट कमी पडले, तरी राडारोड्याच्या ढिगात ते दिसत नाही.

दोन्ही पद्धतींत नजरेआड राहणारी नासाडी भिंतीत असते. वीटकाम ओळंब्यात नसेल, तर 12 मिमीचे प्लास्टर भिंत सरळ करता करता 20 मिमीवर जाते. 100 चौरस मीटर भिंतीला 1:4 प्रमाणाने सिमेंटच्या सुमारे 6 गोण्या जादा लागतात. मजुरी ठेक्यात हा भार मालकावर पडतो. वीटकाम करणारा आणि प्लास्टर करणारा गवंडी वेगळे असतील, तर दोष कोणाचा हा वाद संपतच नाही. साहित्यासह ठेक्यात तोच भार ठेकेदारावर असल्याने तो वीटकामावर स्वतःहून लक्ष ठेवतो. माझ्या मते या ठेक्याची सर्वांत मोठी जमेची बाजू हीच.

बांधलेली भिंत पाडून दरवाजा सरकवण्याची हौस मात्र कोणत्याही ठेक्यात महागच पडते. एकात माल पुन्हा आणावा लागतो, दुसऱ्यात ‘एक्स्ट्रा आयटम’चे बिल येते.

घरातले कोणी रोज साइटवर थांबू शकत असेल, गोण्यांची नोंद ठेवू शकत असेल आणि वाळूची गाडी आली की हौदा मोजून ब्रासचा (100 घनफुटांचा एक) हिशेब करू शकत असेल, तर मजुरी ठेका घ्यावा. नोकरीमुळे आठवड्यातून एकदाच जाणे होत असेल, तर साहित्यासह ठेका बरा. मात्र मालाचे प्रमाण, सळईचे वजन आणि प्लास्टरची जाडी करारात लिहून घ्यावी आणि स्लॅब भरण्याआधी सळई तपासायला ठेकेदाराशी संबंध नसलेला इंजिनिअर न्यावा. त्याची फी वाचवण्याच्या फंदात पडू नये. सिमेंट-सळई मालकाची आणि बाकी सारे ठेकेदाराचे, असा मधला मार्गही निघतो; त्यात नकाशावरून काढलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के जादा माल चालेल आणि त्यापुढचा कोणाच्या बिलातून कापला जाईल, हे आधी लिहिलेले असावे.